मस्कारीनपासून कोकणापर्यंत: पोटेन्शियल व्हॉर्टिसिटीचा हिशोब कसा मांडायचा

जूनमध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर छत्र्या उलट्या करणारा वारा येतो. त्यातली बरीचशी हवा काही दिवसांपूर्वी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. मॉरिशस आणि रियुनियन या मस्कारीन बेटांच्या दक्षिणेला, साधारण ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास, समुद्रावर उच्च दाबाचं मोठं क्षेत्र असतं. तिथून निघालेली हवा आफ्रिकेकडे सरकते, केनियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडते, सोमालियापाशी उजवीकडे वळते आणि अरबी समुद्र पार करून सह्याद्रीवर आदळते. जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवरच्या या वेगवान पट्ट्याला सोमाली जेट किंवा फिंडलेटर जेट म्हणतात. फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं.

नकाशावर या प्रवासाचा बाण काढायला दोन सेकंद लागतात. पण पोटेन्शियल व्हॉर्टिसिटी, म्हणजे हवेच्या उभ्या स्तंभाची एकूण फिरकी भागिले त्याची उंची, वाटेत बदलत नाही हा अक्षय्यतेचा नियम काटेकोरपणे लावला, तर ही हवा कोकणात पोचायलाच नको. ती अर्ध्या वाटेतून मागे वळायला हवी. हे मी पहिल्यांदा कागदावर आकडे मांडून पाहिलं तेव्हा नियम खऱ्या अर्थाने समजला. म्हणून या लेखात तोच हिशोब पायरी-पायरीने करू: आधी हाताने, मग संगणकावर. पदवीचं भौतिकशास्त्र आणि थोडं कॅल्क्युलस आठवत असेल तर पुरे.

पोटेन्शियल व्हॉर्टिसिटीला यापुढे 'पीव्ही' म्हणू. हवामानशास्त्राच्या वर्गातही हाच शब्द रुळला आहे.

पहिली पायरी: फिरकी मोजा

व्हॉर्टिसिटी म्हणजे द्रवाच्या किंवा वायूच्या छोट्या तुकड्याची स्वतःभोवतीची फिरकी. नदीच्या कडेला पाणी संथ आणि मध्यभागी वेगवान असतं. त्यात पळसाचं पान सोडलं तर ते पुढे जाता जाता स्वतःभोवती फिरतं. प्रवाह सरळ असूनही फिरकी असते, कारण पानाच्या एका बाजूला वेग जास्त आहे. प्रवाह वळत असेल तर वळणामुळेही फिरकी येते. थोडक्यात, फिरकीचे दोन स्रोत: वेगातला आडवा फरक आणि वळण. पुढे दोन्ही लागणार आहेत.

जमिनीवर उभं राहून मोजलेल्या या फिरकीला सापेक्ष व्हॉर्टिसिटी म्हणतात. तिला 'स' म्हणू. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेची फिरकी धन, काट्यांच्या दिशेची ऋण.

पण खुद्द जमीनही फिरते आहे. पृथ्वीची उभ्या अक्षाभोवतीची फिरकी 'फ' अशी लिहू:

फ = २ × पृथ्वीचा कोनीय वेग × साइन (अक्षांश)

पृथ्वीचा कोनीय वेग सेकंदाला ०.००००७२९२ रेडियन आहे. एवढी शून्यं लिहिताना चूक हमखास होते, म्हणून मी 'लक्षांश' हे माप वापरते: सेकंदाला एक भागिले एक लाख म्हणजे १ लक्षांश. या मापात विषुववृत्तावर फ शून्य, १० अंश उत्तरेला २.५३, मुंबईच्या १९ अंशांवर ४.७५ आणि ४५ अंशांवर १०.३. दक्षिण गोलार्धात साइन ऋण होतो, त्यामुळे १० अंश दक्षिणेला फ उणे २.५३. हे उणे चिन्ह लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे.

स + फ ही एकूण किंवा निरपेक्ष व्हॉर्टिसिटी.

दुसरी पायरी: स्तंभाची उंची धरा

मंगळागौरीत फुगडी घातली असेल तर हा भाग अंगाला माहीत आहे. हात लांब ताणून मागे झुकलं की गिरकी संथ होते. दोघी एकमेकींच्या जवळ आल्या की वेग वाढतो. वस्तुमान अक्षाजवळ आलं की फिरकी वाढते.

हवेचा किंवा पाण्याचा उभा स्तंभ असाच वागतो. स्तंभ उंच ताणला गेला की तो बारीक होतो, त्याचं वस्तुमान अक्षाकडे येतं आणि फिरकी वाढते. दाबून बुटका केला की पसरतो आणि फिरकी मंदावते. स्तंभाची उंची 'उ' म्हटली तर:

पीव्ही = (स + फ) ÷ उ

घर्षण नसेल आणि बाहेरून उष्णता मिळत नसेल, तर स्तंभ कुठेही गेला तरी हा भागाकार बदलत नाही. कार्ल-गुस्ताफ रॉसबी यांनी १९४० च्या सुमारास हा विचार या रूपात मांडला. १९४२ मध्ये हान्स एर्टेल यांनी घनतेचे थर असलेल्या खऱ्या वातावरणासाठी त्याचं सर्वसाधारण रूप सिद्ध केलं.

इथे एक बारकावा आहे. अक्षय्य आहे तो भागाकार. स, फ आणि उ हे तिघंही वाटेत बदलू शकतात, फक्त एकमेकांना सांभाळून. जमाखर्चाच्या वहीत रक्कम या खात्यातून त्या खात्यात जाते आणि शिल्लक तेवढीच राहते, तसं हे आहे.

तिसरी पायरी: एक सोपं उदाहरण सोडवा

मोसमी वाऱ्याकडे जाण्याआधी हात बसवण्यासाठी उत्तर अमेरिकेतल्या रॉकी पर्वताचं उदाहरण घ्या. ४५ अंश उत्तरेला पश्चिमेकडून हवेचा १० किलोमीटर उंचीचा स्तंभ येतो आहे. सुरुवातीला स शून्य, फ १०.३. म्हणजे पीव्ही किलोमीटरमागे १.०३ लक्षांश.

पर्वत २ किलोमीटर उंच धरा आणि हवेचं वरचं झाकण जागच्या जागी आहे असं माना. पर्वतावर स्तंभ ८ किलोमीटरचा होतो. शिल्लक तीच राहायची, तर स + फ आता ८.२४ हवं. फ अजून १०.३ आहे, म्हणून स जवळपास उणे २.१. ऋण फिरकी म्हणजे प्रवाह उजवीकडे, दक्षिणेला वळतो.

पर्वत ओलांडून स्तंभ पुन्हा १० किलोमीटरचा होतो, पण तोवर तो समजा ४० अंशांपर्यंत खाली आलेला आहे. तिथे फ ९.३७. शिल्लक जुळवायला स धन ०.९३ हवा, म्हणून प्रवाह डावीकडे, उत्तरेला वळतो. उत्तरेला गेला की फ वाढतो, स घटतो आणि पुन्हा वळण. पर्वताच्या पूर्वेला लाटेसारखा नागमोडी प्रवाह तयार होतो. हीच रॉसबी लाट. कोलोरॅडो आणि अल्बर्टा इथे पर्वताच्या आडोशाला वादळं वारंवार जन्मतात, त्यामागे स्तंभाचं हे ताणलं जाणं आहे.

सह्याद्रीला हेच गणित जसंच्या तसं लावायचा मोह होतो. तो आवरा. वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटर, पर्वताची रुंदी ५० किलोमीटर आणि फ ४.७५ लक्षांश धरा. वेगाला रुंदी आणि फ यांच्या गुणाकाराने भागलं की ४.२ येतं. याला रॉसबी अंक म्हणतात. तो १ पेक्षा बराच लहान असेल तेव्हाच पृथ्वीच्या फिरकीचा वरचष्मा असतो आणि पीव्हीवरून वाऱ्याचा अंदाज बांधता येतो. इथे हवा तास-दीड तासात घाट ओलांडते, वर जोरदार पाऊस पाडून उष्णता सोडते. दोन्ही गोष्टी हिशोबाच्या विरुद्ध जातात.

चौथी पायरी: विषुववृत्त ओलांडा

आता मुख्य हिशोब. १० अंश दक्षिणेला हवेचा स्तंभ घ्या. स शून्य, फ उणे २.५३. स्तंभाची उंची वाटेत बदलत नाही असं धरू, म्हणजे स + फ कायम उणे २.५३ राहायला हवं. वहीत असे रकाने पाडा:

१० अंश दक्षिण: फ उणे २.५३, स ०
विषुववृत्त: फ ०, स उणे २.५३
१० अंश उत्तर: फ अधिक २.५३, स उणे ५.०६
१७ अंश उत्तर, रत्नागिरीच्या आसपास: फ अधिक ४.२६, स उणे ६.७९

१० अंश उत्तरेच्या ओळीवर थांबा. उणे ५.०६ लक्षांश ही फिरकी प्रचंड आहे. ती सगळी वळणातून यायची असेल आणि वारा सेकंदाला २० मीटर असेल, तर वळणाची त्रिज्या येते २० भागिले ०.००००५०६, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटर. सोमालियाच्या किनाऱ्यापासून कोकणापर्यंतचं अंतर आहे अंदाजे २,५०० किलोमीटर. ४०० किलोमीटर त्रिज्येने उजवीकडे वळणारी हवा गोल फिरून परत विषुववृत्ताकडे जाईल. आपल्यापर्यंत येणार नाही.

आणखी एक अडचण आहे. उत्तर गोलार्धात स + फ ऋण असलेली हवा मुळात अस्थिर असते. तिला बाजूला जरासा धक्का बसला तरी तो वाढत जातो. अशी हवा हजारो किलोमीटर शिस्तीत वाहू शकत नाही.

तरीही दरवर्षी जूनमध्ये ती येते. म्हणजे वाटेत कुठेतरी शिल्लक बदलते. पीव्ही उणेतून अधिकात जाते. हा हिशोब का करायचा, याचं माझं उत्तर इथे आहे: नियम जुळतो तिथे तो आपल्याला वारा सांगतो आणि जुळत नाही तिथे नेमकं काय घडतंय याकडे बोट दाखवतो. न जुळणारी ओळ खोडून टाकू नका. तिथेच खोदा.

पाचवी पायरी: फरक कुणी केला ते शोधा

पीव्ही बदलणारे दोन मुख्य घटक आहेत, उष्णता आणि घर्षण.

पावसाच्या ढगात बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते. ती साधारणपणे मधल्या थरात सर्वांत जास्त असते. त्याच्या खाली पीव्ही वाढते, वर घटते. पण या बदलाच्या सूत्रातल्या मुख्य पदात स + फ हा गुणक म्हणून बसलेला आहे. धन असेल तर धन वाढतो, ऋण असेल तर ऋण आणखी ऋण होतो. म्हणजे मूळची ऋण हवा निव्वळ या पदाच्या जोरावर धन होऊ शकत नाही. हा मुद्दा बऱ्याच विद्यार्थ्यांकडून सुटतो आणि 'पावसाच्या उष्णतेने पीव्ही बदलली' असं सरसकट लिहिलं जातं.

घर्षणाला असं बंधन नाही. पूर्व आफ्रिकेचा उंच प्रदेश, म्हणजे केनिया आणि इथिओपियाचे डोंगर, सोमाली जेटच्या पश्चिमेला भिंतीसारखा उभा आहे. दक्षिणेकडून उत्तरेला जाणारा वारा डोंगराच्या अंगाला घासून मंद होतो आणि पूर्वेला, समुद्राच्या बाजूला, वेगवान राहतो. पश्चिमेला संथ, पूर्वेला वेगवान: नदीकाठचं पान आठवा. ही धन फिरकी आहे. डोंगर आणि समुद्राचा पृष्ठभाग यांच्याशी होणारं घर्षण, त्याबरोबर खालच्या थरातली घुसळण, यांतून दक्षिणेकडचा ऋण वारसा पुसला जातो. वातावरणाची संगणकीय प्रतिकृती वापरून १९९५ मध्ये रॉडवेल आणि हॉस्किन्स यांनी या प्रवाहातल्या पीव्हीचा असाच मागोवा घेतला होता.

आफ्रिकेचे ते डोंगर आणि आपला पाऊस यांचा संबंध इतका थेट आहे, हे मला आजही विलक्षण वाटतं.

सहावी पायरी: खऱ्या डेटावर मोजा

हाताचा हिशोब झाला की संगणकाकडे वळा. युरोपियन हवामान केंद्राचा इआरए५ हा डेटासंच मोफत मिळतो. तो १९४० पासूनचा आहे, तासागणिक आणि पाव अंशाच्या जाळीवर. त्यात पीव्ही तयारही मिळते, पण एकदा तरी स्वतः काढा आणि तयार उत्तराशी ताडून पाहा. पायथॉनमधलं मेटपाय हे पॅकेज मदतीला आहे.

खऱ्या वातावरणात स्तंभाच्या उंचीची जागा घेते 'थीटा', म्हणजे पोटेन्शियल टेंपरेचर: हवा उष्णता न घेता-देता १००० हेक्टोपास्कल दाबापर्यंत आणली तर तिचं जे तापमान होईल ते. तापमान केल्विनमध्ये घ्या आणि (१००० ÷ दाब) याच्या ०.२८६ व्या घाताने गुणा. ८५० हेक्टोपास्कलला २० अंश सेल्सिअस, म्हणजे २९३ केल्विन असेल तर थीटा ३०७ केल्विन येतो. समान थीटाचे दोन पृष्ठभाग म्हणजे आपल्या स्तंभाचं तळ आणि झाकण. सूत्र असं:

पीव्ही = उणे गुरुत्वत्वरण × (स + फ) × (थीटातला फरक ÷ दाबातला फरक)

यातला स समान थीटाच्या पृष्ठभागावर मोजायचा. समान दाबाच्या पृष्ठभागावर मोजणार असाल तर वाऱ्याच्या उभ्या बदलाची आणि थीटाच्या आडव्या बदलाची दोन जादा पदं लागतात. ती विसरू नका.

उदाहरण म्हणून मुंबईच्या अक्षांशावर ८५० हेक्टोपास्कलला थीटा ३०७ आणि ७०० ला ३१५ धरा. फरक ८ केल्विन, १५,००० पास्कलमध्ये. स शून्य मानला तर ९.८ × ०.००००४७५ × (८ ÷ १५,०००) = ०.००००००२५. पीव्हीचं एकक, म्हणजे पीव्हीयू, याच मापात ०.०००००१ असतं. म्हणजे उत्तर ०.२५ पीव्हीयू. मध्य अक्षांशांवर तपांबरात, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात, साधारण अर्धा ते एक पीव्हीयू सापडतो, तर त्याच्या वरच्या स्थितांबरात दाबाबरोबर थीटा झपाट्याने बदलत असल्याने सहज कित्येक. म्हणूनच तिथे दोन्हींमधली सीमा १.५ किंवा २ पीव्हीयूच्या पृष्ठभागावर मानतात. तुमचं उत्तर २५ आलं तर दाब पास्कलऐवजी हेक्टोपास्कलमध्ये राहिला आहे.

आणखी तीन सापळे:

इआरए५ मध्ये अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे, ९० पासून उणे ९० पर्यंत मांडलेले असतात. डेरिव्हेटिव्ह काढताना हे लक्षात घेतलं नाही तर फिरकीच्या एका पदाचं चिन्ह उलटतं. नकाशा तरीही बऱ्यापैकी खरा दिसतो, आणि म्हणूनच ही चूक घातक आहे. माझा एक आख्खा आठवडा तिने खाल्ला.

पूर्व-पश्चिम अंतर काढताना अक्षांशाच्या कोसाइनने गुणा. पाव अंश म्हणजे विषुववृत्तावर २७.८ किलोमीटर, मुंबईपाशी २६.३.

तिसरा सापळा खास या विषयाचा. ८५० हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे दीड किलोमीटर उंची. इथिओपियाचं पठार त्याहून बरंच वर आहे. तिथे या दाबावरचे आकडे जमिनीखालचे, म्हणजे गणिताने पुढे ताणलेले असतात. जमिनीच्या दाबाचा डेटा घेऊन तो भाग झाकून टाका. घर्षणाची गोष्ट अभ्यासायची आणि नेमकी डोंगरातल्या खोट्या आकड्यांवर निष्कर्ष काढायचे, असं व्हायला नको.

सातवी पायरी: हवेच्या मागे चाला

एका जागी बसून पीव्ही बदलते का हे पाहण्यात अर्थ नाही. नियम वाहत्या हवेसाठी आहे. अमेरिकेच्या नोआ संस्थेचं हायस्प्लिट हे साधन हवेच्या कणाचा मार्ग पुढे-मागे काढून देतं. कोकण किनाऱ्यावर, जुलैतल्या एखाद्या दिवशी, दीड किलोमीटर उंचीवर कण ठेवा आणि आठ दिवस मागे न्या. वाटेतल्या प्रत्येक सहाव्या तासाला त्याची पीव्ही आणि थीटा टिपा.

दोन्हींचे आलेख एकाखाली एक काढा. थीटा सपाट आणि पीव्हीही सपाट, तर अक्षय्यता टिकली आहे. थीटा बदलतो आहे तिथे उष्णतेचा हात आहे. थीटा जवळपास स्थिर आणि तरी पीव्ही सरकते, तिथे घर्षण किंवा घुसळण शोधा. एका कणावर विसंबू नका. आजूबाजूचे पंचवीस-तीस कण सोडा, कारण एकट्याचा मार्ग सहज भरकटतो.

हीच पद्धत बंगालच्या उपसागरातल्या मोसमी डिप्रेशनवर, म्हणजे कमी दाबाच्या फिरत्या क्षेत्रांवर, वापरून पाहा. ती पश्चिम-वायव्येला सरकत ओडिशा, छत्तीसगड पार करून विदर्भात आणि मध्य प्रदेशात पाऊस आणतात. पण खालच्या थरातला वारा तर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असतो. मग ती वाऱ्याविरुद्ध कशी चालतात? त्यांची पीव्ही उभ्या खांबासारखी असते आणि तिचा भर ५०० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. खालचा ८५० चा नकाशा बाजूला ठेवा आणि त्या उंचीवरची पीव्ही कुठे वाहते आहे ते पाहा, मग चाल कळायला लागते.

समुद्रात उतरायचं असेल तर

समुद्रात हिशोब एका अर्थी सोपा होतो. खुल्या समुद्रात प्रवाह सेकंदाला १० सेंटिमीटर आणि पसारा हजार किलोमीटर धरला तर स फक्त ०.०१ लक्षांश, म्हणजे २० अंशांवरच्या फ पेक्षा सुमारे पाचशे पटींनी लहान. तो सोडून द्या. उरतं फ ÷ खोली. २० अंश उत्तरेला ४,००० मीटर खोलीवरचा स्तंभ ३,५०० मीटर खोलीवर आला, तर फ आठव्या हिश्शाने कमी व्हायला हवा, म्हणजे स्तंभाला १७.४ अंशांपर्यंत, जवळपास २९० किलोमीटर दक्षिणेला जावं लागेल. त्यामुळे खोल प्रवाह समुद्रतळाच्या चढ-उताराला बिलगून वाहतात. पाण्यात घनतेचे थर असल्याने हा परिणाम पृष्ठभागाकडे क्षीण होतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

किनाऱ्यालगतच्या वेगवान प्रवाहात स सोडून चालत नाही, आणि तिथे सोमालियाच्या किनाऱ्यावर पुन्हा तीच ओळ भेटते. मोसमी वाऱ्याने ढकललेलं पाणी दक्षिणेकडून विषुववृत्त ओलांडतं. ४ अंश दक्षिणेला फ उणे १.०२, म्हणून ४ अंश उत्तरेला शिल्लक राखायला स उणे २.०४ लक्षांश लागतो: उजवीकडे वळण. मोसमाच्या सुरुवातीला हे पाणी ३-४ अंश उत्तरेपाशी किनारा सोडून पूर्वेला वळतं आणि त्यातला काही भाग विषुववृत्त ओलांडून परत दक्षिणेला जातो. समुद्रशास्त्रात या फेऱ्याला सदर्न जायर म्हणतात. चौथ्या पायरीत हवेने जे करायला हवं होतं, ते इथे पाणी करतं.